ओट्यालगतचा वाफा

सातारच्या एका जुन्या घराच्या ओट्यालगत फुलझाडांचा वाफा होता. २० फूट लांब आणि ३ फूट रुंद. घरातील सासूबाईंनी तो पंचवीस वर्षे निगुतीने सांभाळला. देवपूजेची फुले त्या घराला सहसा विकत आणावी लागली नाहीत. पुढे त्यांचे गुडघे धरले, ओट्याच्या तीन पायऱ्या उतरणे अवघड झाले आणि दोन पावसाळ्यांत वाफ्याची रया गेली. आधी हरळी शिरली, तिच्यामागून लव्हाळा आला आणि भिंतीच्या कडेने गाजरगवत कमरेएवढे उभे राहिले.

तेथे फरशी घालावी, असे मुलाने ठरवले. स्कूटर ठेवायला जागा होईल, पावसाळ्यात चिखल होणार नाही, हे त्याचे म्हणणे वावगे नव्हते. सासूबाई त्यावर काहीच बोलल्या नाहीत. सुनेने मात्र एक पावसाळा मागून घेतला. बागकामाचा तिला अनुभव नव्हता. सासूबाईंचे ते गप्प राहणे तिला पाहवले नाही, इतकेच.

मे महिन्यात काम सुरू झाले. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, म्हणून तिने हातमोजे घातले आणि फुलावर येण्यापूर्वीच ते मुळासकट उपटले. एकेका झाडापासून हजारो बिया पडतात. अमेरिका खंडातून आलेल्या या तणाची नोंद पुण्याच्या परिसरात १९५५च्या सुमारास झाली आणि पुढे त्याने देशभर हातपाय पसरले. त्या मानाने ते काढणे सोपे. खरी कसोटी लव्हाळ्याची. पाते ओढले की हाती पातेच येते, जमिनीतील गाठ तशीच राहते. कुदळीने हरळीचे तुकडे झाले, तर प्रत्येक तुकडा नव्याने रुजतो. लागवडीचे कौतुक सर्वांना असते. हे उकरण्याचे काम मात्र कंटाळवाणे, आणि ते दुसऱ्यावर सोपवूनही चालत नाही.

एका सकाळी तिने गवताचे काही वाळलेले झुबके उपटून कचऱ्याच्या ढिगावर फेकले. ओट्यावर खुर्चीत बसलेल्या सासूबाई एकदम ओरडल्या, “अगं, तो निशिगंध आहे!”

“आई, मला वाळलेलं गवत वाटलं हो.”

“पानं वाळलीत. खालचा कंद बघ.”

ढीग पुन्हा उपसावा लागला. सासूबाईंनी सूप मागवले आणि मांडीवर घेऊन त्या निवडायला बसल्या. लव्हाळ्याच्या गाठी काळसर, टणक, धाग्यासारख्या मुळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या. निशिगंधाचा कंद लहान कांद्यासारखा, वर तपकिरी पापुद्रा. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या कडेला आलेले नवे कंद फुलतात. दर दोन-तीन वर्षांनी ते काढून विरळ करावे लागतात, नाहीतर गर्दीत नुसती पानेच वाढतात. सुपारीएवढे यंदा फुलतील, हरभऱ्याएवढे पुढल्या वर्षी. हे सारे त्या सुपाकडे पाहतच सांगत होत्या. इतकी वर्षे त्यांना हे कोणी विचारले नव्हते.

मग त्या रोजच सांगू लागल्या. शेवंतीचा जुना गड्डा मधोमध वाळला होता. त्याच्या कडेच्या काश्या तेवढ्या वेगळ्या करून घेतल्या. सुनेने शेजारच्या गोठ्यातून ताजे शेण आणले, तेव्हा त्यांनी ते परत पाठवले. “ओलं शेण नको, हुमणी लागेल.” वर्षभर कुजलेले खत मिळेपर्यंत माती उन्हात तापत पडली. अबोलीची चिंता करू नकोस, असेही त्या म्हणाल्या. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडले की ती तडकतात आणि बिया आपोआप दूरवर उडतात.

मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर कंद वीत-वीत अंतरावर लावले गेले. आषाढात आठ दिवस झड लागली. वाफ्याच्या सखल टोकाला पाणी साचले आणि तेथले दहा-बारा कंद कुजले. सुनेला फार वाईट वाटले. त्या रविवारी मुलगा न सांगता कुदळ घेऊन उतरला आणि त्याने भिंतीच्या कडेने चर खणून पाणी बाहेर काढले. स्कूटर फाटकापाशी ताडपत्रीखाली होती.

गौरी बसण्याच्या आदल्या दिवशी निशिगंधाचा पहिला दांडा वर आलेला दिसला. मूळचे हे फूलझाड मेक्सिकोचे, गाजरगवताच्याच खंडातले. पण मराठी घरांत ते असे रुळले, की कोणी त्याला परके मानत नाही. दांडा गौरीपुढे ठेवावा म्हणून सून कात्री घेऊन आली. सासूबाई नातवाचा हात धरून तिन्ही पायऱ्या उतरल्या होत्या. त्यांनी दांडा वाकवून पाहिला.

“आज नको. खालच्या दोनच कळ्या उमलल्यात. वरच्या अजून यायच्या आहेत.”

गौरीपुढे त्या वर्षी गुलबक्षीची फुले होती.