घरच्या किताबांचे शब्द

आम्ही अंधेरीत मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. नागरिकशास्त्रात 'मसुदा समिती' आली की आमची मुले हा मराठीतला अवघड शब्द म्हणून पाठ करतात. २९ ऑगस्ट १९४७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जी समिती नेमली गेली, तिच्या नावातला हा शब्द त्यांच्या घरचाच आहे. अरबीत 'सवाद' म्हणजे काळेपणा. शाईने काळा झालेला, खाडाखोडीचा कच्चा कागद तो 'मुसव्वदा', मराठीत मसुदा. उलट 'बयाज' म्हणजे शुभ्रता, आणि आवडते शेर, दुआ उतरवून ठेवायची वहीसुद्धा बयाजच.

किताबांचे असे किती तरी शब्द आहेत. 'जिल्द' म्हणजे मुळात कातडी, मग पुस्तकाची बांधणी. 'हाशिया' म्हणजे काठ. मराठीत त्याला समास म्हणतात. हस्तलिखितात पुढच्या पानाचा पहिला शब्द आधीच्या पानाच्या तळाशी लिहीत, म्हणजे पाने विस्कटली तरी क्रम लागे. त्या शब्दाला 'रिकाब' म्हणतात. घोड्यावर चढताना पाय ठेवायची मराठी 'रिकीब' तीच! 'नुस्खा' हकीमसाहेबांचा असतो, तसा हाताने उतरवलेल्या प्रतीलाही नुस्खाच म्हणतात. दोन नुस्ख्यांत फरक निघाला तर तो 'इख्तिलाफ-ए-नुसख', मराठीत पाठभेद. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून पाहूनच. एकेक प्रत अशी मोलाची असते.

आणि आपल्या घरातल्या प्रती? उपनगरांत जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. घर रिकामे करताना दादाजानच्या ट्रंकेतली बयाज रद्दीत जाते, कारण ती वाचणारे घरात कोणी उरलेले नसते. कुरआन शरीफचे जीर्ण पान आपण अदबीने ठेवतो. या वह्यांना मात्र कोणी वाली नसतो.

म्हणून माता-भगिनींना आमची एकच विनंती आहे. हाताने लिहिलेली किताब टाकण्यापूर्वी तिचे शेवटचे पान उघडा. तिथे बहुधा 'तरकीमा' असतो, मराठी पोथीत त्याला पुष्पिका म्हणतात. लिहिणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि वाचणाऱ्याकडे मागितलेली दुआ त्यात असते. उर्दू जाणणाऱ्या बुजुर्गांकडून ते वाचून घ्या, मोबाईलवर फोटो काढा, मुलांना दाखवा. ते नाव कदाचित तुमच्याच पणजोबांचे असेल, आणि त्यांनी मागितलेली दुआ अजून द्यायची राहिली असेल.