शाळेचं नाव

गेल्या रविवारी जेवायला गेलो, तर ताई आणि भाऊजी एकमेकांशी बोलत नव्हते. कारण, भाचीची आठवी. ती महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे. शाळा दहावीपर्यंत आहे, मग हलवायचं कशाला, हे ताईचं म्हणणं. भाऊजींना तिला वीस मिनिटांवरच्या खासगी शाळेत घालायचंय. "तू इंजिनीअर आहेस, तूच सांग," म्हणून दोघांनी माझ्याकडे बघितलं.

ताईचे मुद्दे तयार होते. पाटीवर आता 'मुंबई पब्लिक स्कूल' आहे. दप्तर, बूट, वह्या धरून 27 वस्तू फुकट मिळतात. पालिकेच्या सीबीएसई शाळांत तर लॉटरी काढून प्रवेश द्यावे लागले. "आणि निकाल बघ. 2019 ला पालिका शाळांचा दहावीचा निकाल 53 टक्के होता, 2020 ला 93!"

भाऊजी हसले. "एका वर्षात पोरं एवढी हुशार झाली?"

त्यांचा संशय चुकीचा नव्हता. 2019 ला बोर्डाने भाषेच्या तोंडी परीक्षेचे 20 गुण बंद केले होते, पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आणले. अख्ख्या राज्याचाच निकाल 77 वरून 95 वर गेला. पण राज्य 18 ने वाढलं आणि पालिका शाळा 40 ने. म्हणजे काठावरची मुलं इथेच जास्त होती. हे मी सांगितलं, तर दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं.

"निकालाचं सोड," भाऊजी म्हणाले. ते मोठमोठ्या सोसायट्यांत लिफ्ट दुरुस्त करतात. "तिथे लोक विचारतात, मुलगी कुठल्या शाळेत? मी विषय बदलतो. उद्या तिनेही तेच करायचं?"

"आणि फी, रिक्षा? अकरावीच्या क्लासला काय उरणार?" ताईने विचारलं.

मी गप्प बसलो. कारण विषय बदलण्यात मी भाऊजींच्या पुढे आहे.

मीही सातवीपर्यंत पालिकेच्याच शाळेत होतो. आमची शाळा तिथेच संपायची. आठवीसाठी पालिकेची दुसरी शाळा हायवेपलीकडे होती. वर्गातल्या चार मुली तिकडे गेल्याच नाहीत, घरीच राहिल्या. मला बाबांनी कर्ज काढून खासगी शाळेत घातलं. आजही ऑफिसात कोणी विचारलं, तर मी त्याच शाळेचं नाव सांगतो. तीन वर्षांची शाळा सांगतो आणि सात वर्षांची गाळतो. ज्या बाईंनी मला रोज मधल्या सुट्टीत बसवून अपूर्णांक शिकवले, त्या या गाळलेल्या सात वर्षांत आहेत.

पाटी बदलली, इमारत रंगवली, निकाल वाढला. पण तिथून शिकून पुढे गेलेले माझ्यासारखे लोकच शाळेचं नाव घेत नसतील, तर भाऊजींना तरी कसा विश्वास वाटावा?

"मामा, तू कुठल्या शाळेत होतास?" भाचीने आतून विचारलं. तिला हे खरंच माहीत नव्हतं.

मी सांगितलं. पहिली शाळा, नावासकट.

भाऊजी थोडा वेळ ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण तुलाही आठवीत काढलंच ना तिथून?"

खरं होतं. ताई म्हणाली, "काढलं, कारण पुढे वर्गच नव्हते. हिच्या शाळेत आहेत."

फॉर्म अजून भरलेला नाही. शनिवारी पालक सभा आहे. या वेळी भाऊजीही जाणार आहेत. पहिल्यांदाच.