इगतपुरी : दोघींचा हवापालट

‘हवापालट’ हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या काळी औषधाइतक्याच आदराने उच्चारला जाई. आज सहली वाढल्या, पण विश्रांती कमी झाली. एका दिवसात सहा ठिकाणे पाहून परतलेल्या कुटुंबाला दुसऱ्या दिवशी पुन्हा सुट्टीची गरज भासते. नाशिककरांच्या अगदी हाताशी असलेल्या इगतपुरीविषयी म्हणूनच लिहावेसे वाटले.

नाशिकहून सुमारे 45 किलोमीटरवर, कसारा घाटाच्या माथ्यावर हे गाव वसले आहे. या घाटातून 1865 मध्ये रेल्वे धावू लागली. चढ इतका तीव्र, की 37 फुटांमागे एक फूट उंची गाठावी लागते. त्यामुळे अनेक गाड्यांना कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडतात. 1976 पासून येथे ‘धम्मगिरी’वर विपश्यनेची दहा दिवसांची मौनशिबिरे भरतात. पाऊस धो-धो पडतो, आणि तो ओसरू लागला की भातखाचरांच्या बांधांवर सोनकीची पिवळी फुले दाटतात.

गेल्या भाद्रपदात शाळेपासूनच्या मैत्रिणीसह मी तेथे दोन दिवस राहिले. सहा महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला होता. छातीत कळ अशी आलीच नव्हती. जिना चढताना दम लागे, जबडा दुखे, मळमळे. घरचे त्याला दगदग म्हणत आणि तीही तसेच समजे. स्त्रियांच्या हृदयविकारात असे पुष्कळदा घडते. उपचार उत्तम झाले, तज्ज्ञांनी चालण्याची मुभाही दिली. परंतु मनातली भीती हटेना. फाटकाबाहेर ती एकटी पाऊल टाकीत नसे.

“एवढ्या उंचीवर मला श्वास पुरेल ना गं?” हा तिचा पहिला प्रश्न. इगतपुरीची उंची सुमारे 600 मीटर, म्हणजे नाशिकहून फारशी अधिक नाही. हवा थंड असली म्हणजे ती विरळ असतेच असे नाही.

पहिल्या सायंकाळी भावली धरणाच्या बाजूला सपाट रस्त्याने वीस मिनिटे चाललो. नियम एकच : चालता चालता सहज बोलता आले पाहिजे, वाक्य तुटू लागले की वेग कमी करायचा. रात्री नागलीची भाकरी आणि पिठले खाल्ले. पापड-लोणच्याला तिने हात लावला नाही. दुसऱ्या सकाळी शाळेतल्या बाईंच्या आठवणी सांगता सांगता ती मध्येच थांबली. “अगं, किती वेळ चालतोय आपण?” घड्याळात चाळीस मिनिटे झाली होती. परत फिरताना ती माझ्या दोन पावले पुढे होती.

आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. प्रवासापूर्वी आपल्या डॉक्टरांची अनुमती घ्यावी. स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी प्रवासातही एकदाही चुकवू नये. दोन दिवसांच्या जादा गोळ्या जवळ असाव्यात. जेवल्यावर लगेच चढ चढू नये. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात वेदना, घाम, असह्य थकवा यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ बसावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘पित्त असेल’ म्हणून वाट पाहू नये. शेवाळलेल्या वाटा आणि धबधबे मात्र टाळावेत. मुक्कामाच्या जागी मोबाइलला रेंज आहे का, हेही आधीच विचारून ठेवावे.

आणखी एक विनंती. कुटुंबासह सहलीला गेलेली गृहिणी तेथेही डबे, औषधे, कपडे सांभाळीतच असते. वर्षातून दोन दिवस तिला तिच्या मैत्रिणीबरोबर जाऊ द्यावे, आणि त्या दोन दिवसांत ‘अमुक डबा कुठे आहे’ हे विचारण्यासाठी दूरध्वनी करू नये.