कागदी तुरीवरची अळी

बसवकल्याण तालुक्यातल्या आमच्या मुडबीत दिवाळीच्या सुमाराला शेतात गेलं की तूर फुलावर आलेली असते आणि माणसं फुलांपेक्षा अळ्याच शोधत असतात. त्यावर छोटा ॲनिमेशनपट करायचा, तोही हाताने, असं ठरवलं तेव्हा घरच्यांना वाटलं, मोबाइलवर व्हिडिओ काढला की झालं!

धीर दिला तो दादासाहेब फाळक्यांनी. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 साली, त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभराची वाढ मिनिटभराच्या फिल्ममध्ये बसवली. भांडवल मिळवायला तीच फिल्म कामी आली. वाटाणा आणि तूर, दोन्ही शेंगेचीच पिकं. फाळक्यांचा वाटाणा मात्र आपला आपण वाढत होता. माझी कागदी तूर मलाच वाढवावी लागणार होती.

सेकंदाला बारा चित्रं धरली तरी मिनिटाला 720 होतात. पानं, शेंगा जुन्या लग्नपत्रिकांतून कापल्या. तो कागद जाड असतो, वाकत नाही. जमिनीसाठी आमच्याकडची तांबडी माती फडक्यातून गाळून डिंकात कालवली. फुलांना हळद. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून फुलं पत्र्याच्या पेटीत. चित्रण रात्रीच. दिवसा ढग आला की उजेड बदलतो आणि पडद्यावर चित्र लुकलुकतं. खिडकीला घोंगडी, वर एक दिवा, खाली काच, मोबाइल स्टँडला घट्ट बांधलेला. पंखा बंद, नाहीतर सगळी तूर उडून जायची.

अळी कशी हलवायची, हे आईने सांगितलं. जन्मभर तूर खुरपलेली बाई. “पाठीची कमान करून चालती ती उंटअळी. ही शेंगंत डोस्कं घालती अन् अर्धं अंग भायेर ऱ्हातं बघ.” म्हणजे पुढचा भाग शेंगेला चिकटवून टाकायचा आणि मागचे तुकडे तेवढे दोऱ्यावर केसभर सरकवायचे. कुठल्याही पुस्तकापेक्षा हा सल्ला कामाचा ठरला.

अळी टिपायला कोतवाल हवाच. शेतात पक्षी बसावेत म्हणून काठ्या रोवतात. तो तिथून झेप घेतो, किडा धरतो आणि बहुतेक वेळा त्याच काठीवर परततो. तीच चित्रं उलट लावली तर पक्षी मागच्या मागे उडताना दिसतो. म्हणून कोतवाल दोन्ही बाजूंनी काजळाने रंगवला. जाताना एक बाजू, येताना कागद पालटायचा.

दिव्यावर खरे पतंगही यायचे. एक थेट कागदी फांदीवर बसला, काही चित्रांत उमटला आणि उडाला. तो मी काढला नाही. माझ्या मते फिल्ममधलं सगळ्यात चांगलं काम त्याचंच आहे.

संवाद एकही नाही. गावात कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही चालतात. मग कुणासाठी कुठली भाषा घालायची? आवाज आहे तो वाळल्या शेंगा डब्यात खुळखुळवल्याचा. भिंतीवर फिल्म दाखवली तेव्हा पोरं कोतवालावर खूश होती. म्हाताऱ्यांनी मात्र अळी किती मोठी झाल्यावर शेंगेत शिरते, यावर वाद घातला.

कुणाला असं काही करायचं असेल तर एवढंच सांगते: पीक उभं आहे तोवर शेतात जाऊन बसा. तूर कापल्यावर अळीची चाल विचारायला कुठे जाणार?