शटर कोण दुरुस्त करणार?

पैठणीचं शूट, भर दुपारी, गच्चीवर. मागे निळं आकाश हवं आणि साडीची जरही दिसायला हवी. माझ्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात फ्लॅश १/२५० सेकंदाच्या पुढे शटरशी नीट जुळत नाही. त्या वेगाला आकाश निळं ठेवायचं तर ॲपर्चर इतकं बारीक करावं लागतं की माझा छोटा फ्लॅश साडीला पुरतच नाही.

म्हणून त्या दिवशी हॅसलब्लाडचा एक्स१डी भाड्याने आणला. २०१६चं मॉडेल, मीडियम फॉरमॅट, पण आत आरसा नाही, म्हणून बॅटरीसकट वजन ७२५ ग्रॅम. सेन्सर ४४ बाय ३३ मिलिमीटर, फुल फ्रेमच्या साधारण १.७ पट. पण खरी गंमत त्यात नव्हती. याचं शटर प्रत्येक लेन्सच्या पोटात असतं आणि फ्लॅश १/२०००पर्यंत जुळतो. आकाश निळं आलं, पदरावरचा मोर झळकला. तेव्हापासून मी सेकंडहँड एक्स१डीसाठी पैसे साठवतेय.

अडचण वेगळीच आहे. हॅसलब्लाड ही स्वीडनमधली छोटी कंपनी, आणि सेन्सर सोनीचा. (तुमच्या हातातल्या फोनमध्येही सोनीचाच असू शकतो.) तसाच ५० मेगापिक्सेलचा सोनी सेन्सर फुजीफिल्मनेही वापरला. फुजीकडे इन्स्टॅक्सपासून औषधांपर्यंत बाकीचे धंदे आहेत. एक्स१डीची बॉडी आली ८,९९५ डॉलरला. दोन वर्षांनी फुजीची जीएफएक्स ५०आर आली ४,४९९ला. बरोब्बर निम्म्यात! छोट्याने इथे किमतीत भांडायचंच नाही. त्याच्याकडे स्वतःचं उरतं ते लेन्स, त्यातलं शटर आणि रंग. तेवढ्यावर पोट भरतं का? २०१५मध्ये ड्रोनवाली डीजेआय भागीदार म्हणून आली, यातच बरंचसं उत्तर आलं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. २०२२चा एक्स२डी शंभर मेगापिक्सेलचा आहे, आणि शटर अजून लेन्समध्येच आहे.

माझ्या ओळखीचे एक काका जुने कॅमेरे दुरुस्त करतात. १९५७च्या हॅसलब्लाड ५००सीचंही शटर लेन्समध्येच, पण स्प्रिंगवर चालणारं. ते काका उघडून, पुसून, तेल देऊन परत चालू करतात. एक्स१डीची लेन्स दाखवली तर त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. "यात माझं काही नाही गं. कंपनी आहे तोवर वापर."

रोज रात्री सेकंडहँडचे भाव बघते. गेल्या महिन्यात आणखी उतरले. आधी आनंद झाला, मग उतरले का असतील, ते शोधत बसले.