गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे

सोमवारी दिल्लीच्या करोल बागेत बाजार बंद असतो. अजमल खान रोडवरची गर्दी ओसरते, गफ्फार मार्केटची शटरं खाली येतात आणि मागच्या गल्ल्यांतल्या सोन्याचांदीच्या कामालाही जरा उसंत मिळते. या गल्ल्यांत मराठी कानावर पडली तर नवल वाटायला नको. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली, तशी ती इथेही आली. जुन्या दागिन्यांतून, कारागिरांच्या दुकानातल्या धुळीराखेतून चोख सोनं वेगळं काढायचं, हा त्यांचा धंदा. आणि हा सगळा धंदा शब्दावर चालतो. लाखांचा माल एका शब्दावर या हातातून त्या हातात जातो. ‘दिला म्हणजे दिला,’ हे वाक्य या घरांतली मुलं बोलायला लागण्याआधीच ऐकतात.

अशाच एका घरात, भट्टीच्या वरच्या दोन खोल्यांत, सोमवारची दुपार पत्त्यांची असते. वडील, काका आणि शेजारचे दोघे मेंढीकोट मांडून बसतात. एकाने उतारी करायची, बाकीच्यांनी पाळीपाळीने पान टाकायचं आणि चार मेंढ्यांसाठी जिवाचं रान करायचं. वडिलांचे नियम दोनच. पाळी आल्याशिवाय पान टाकायचं नाही आणि पडलेलं पान उचलायचं नाही.

त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी आणि नववीतला तिचा भाऊ वेगळाच डाव मांडतात. पुण्याला नोकरी करणाऱ्या मामेभावाने त्यांना पानांचे दोन गठ्ठे आणून दिले होते. खेळाचं नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो तयार केला आणि १९९३ साली तो बाजारात आला. यात सगळ्यांचा मिळून एक जोड नसतो. पानं विकत घ्यायची, मित्रांशी अदलाबदल करायची आणि प्रत्येकाने आपापला गठ्ठा घेऊन खेळायला बसायचं.

या खेळाची खरी गंमत आहे ती वेळेच्या नियमात. मंत्राचं पान टाकलं म्हणजे त्याचं काम झालं, असं इथे होत नाही. पान टाकणं म्हणजे नुसतं जाहीर करणं. ते पान वाट पाहत थांबतं आणि समोरच्याला उत्तर द्यायची संधी मिळते. त्याने उत्तराचं पान टाकलं तर ते पहिल्याच्या वर चढतं. त्यावर पुन्हा पहिला उत्तर देऊ शकतो. अशी चळत रचत जाते. दोघांनीही ‘माझं काही नाही’ म्हटलं की मगच वरून एकेक पान उतरू लागतं. स्वयंपाकघरातल्या ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं ना, तसंच. शेवटी बोललेल्याचं आधी खरं होतं!

एक साधं उदाहरण बघा. ताईकडे एक अस्वल आहे, मारायची ताकद दोन आणि सोसायची ताकद दोन. तिच्या हातात ‘जायंट ग्रोथ’ हे पान आहे. त्याने त्या पाळीपुरत्या दोन्ही ताकदी तीन-तीनने वाढतात. भावाकडे ‘लाइटनिंग बोल्ट’, म्हणजे तीन घावांची वीज. भावाने आधी वीज सोडली आणि ताईने उत्तरादाखल वाढ दिली, तर वाढ आधी लागू होते. अस्वल पाचाचं होतं आणि तीन घाव पचवतं. पण ताईने आधी वाढ जाहीर केली आणि भावाने उत्तरादाखल वीज सोडली, तर वीज आधी पडते. अस्वल दोनाचंच असल्यामुळे मरतं आणि मागून आलेली वाढ वाया जाते. पानं तीच, माणसं तीच, फक्त कोण कधी बोललं यावर सगळा निकाल! सुरुवातीच्या काळात या उत्तरांमध्येही जलद आणि अतिजलद असे प्रकार होते. त्यातून गोंधळ फार व्हायचा. १९९९ साली नियम बदलले आणि सगळ्यांसाठी ही एकच चळत आली.

वेळेचं महत्त्व आपल्या जुन्या खेळांनाही ठाऊक होतंच. सावंतवाडीच्या गोल पानांचा दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांची १२० पानं. त्यात दिवसा खेळायला बसलं तर सुरुवात रामाच्या राजाची आणि रात्री बसलं तर कृष्णाच्या राजाची.

तर एका सोमवारी कोपऱ्यात भांडण पेटलं. ताईने अस्वलाला वाढ दिली आणि लगेच म्हणाली, “झालं, पाचाचं झालं!” भाऊ आपली पानं लावत होता. त्याने वर पाहिलं आणि वीज टाकली. “आता उशीर झाला,” ताई म्हणाली. “तू गप्प होतास.”

“तू विचारलंस कुठं? विचारल्याशिवाय गप्प बसणं धरत नाहीत!”

आवाज वाढला तसा मेंढीकोट थांबला. वडिलांनी तिथूनच निवाडा केला, “गप्प बसला म्हंजे कबूल. पडलेलं पान उचलायचं न्हाई.” नियमाप्रमाणे मुलाचं बरोबर होतं. समोरच्याला संधी न देता पुढे जाता येत नाही. पण वडिलांपुढे बोलायचं कुणी? मुलाने पानं गोळा केली आणि गॅलरीत जाऊन बसला. भाजी निवडत बसलेली आई सगळं ऐकत होती.

त्यानंतर आठवड्याभरात गावाहून थोरल्या चुलत्यांचा फोन आला. मुलीसाठी स्थळ होतं. घर माहितीतलं, मुलाचा चेन्नईत गलाईचाच धंदा, मागणं काही नाही. वडिलांनी फोनवरच शब्द दिला, “दिवाळीत बैठक करू.” जेवताना त्यांनी ही बातमी घरात सांगितली. मुलगी ताटाकडे बघत राहिली. काही बोलली नाही. वडिलांना वाटलं, लाजली.

पुढचे चार दिवस ती कॉलेजला जायची, यायची आणि कोपऱ्यातल्या पानांना हात लावायची नाही. पाचव्या दिवशी रात्री आईने विषय काढला. “पोरीला इचारलं का?”

“सांगितलं की तिच्यासमोर. गप्प हुती.”

“सांगितलं, पर इचारलं कुठं? परवा पोरगं तेच म्हणत हुतं. इचारल्याबिगर गप्प बसणं धरत न्हाईत.”

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलीला हाक मारली आणि समोर बसवलं. म्हणाले, “तुझं काय म्हणणं हाय, सांग.”

मुलीला आधी रडू आलं, मग शब्द आले. लग्नाला तिची ना नव्हती. पण बी.कॉम. पुरं करायचं होतं, पुढे जमलं तर सी.ए.ची परीक्षा द्यायची होती. “शिक्षण होईपर्यंत थांबा. मग तुम्ही दाखवाल त्या मुलाला भेटेन. पण आधी भेटेन, मग सांगेन.” एवढंच तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी गावाला फोन लावला. ज्याने आयुष्यात दिलेला शब्द कधी फिरवला नाही, त्याला हे सोपं नव्हतं. “पोरीला इचारायचं ऱ्हायलं हुतं. चूक माझी,” असं ते म्हणाले. स्थळ अर्थातच गेलं. थोरल्या चुलत्यांनी दोन महिने अबोला धरला. गावात चार माणसं चार तऱ्हेने बोलली. पण मुलीचं कॉलेज सुरू राहिलं.

शब्दाला जागणं ही आपल्या घरांची मोठी पुंजी आहे, ती सांभाळायलाच हवी. पण शब्द देणाऱ्याने आधी एक पाहावं. तो आपल्या मालाचा आहे की दुसऱ्याच्या आयुष्याचा? किती घरांत सुनेने नोकरी सोडावी, म्हाताऱ्या आईने कुठल्या मुलाकडे राहावं, धाकट्याने कुठली शाखा घ्यावी, हे सगळं बैठकीत ठरतं. आणि जिचं-ज्याचं ठरतं, ती माणसं तिथेच खाली मान घालून बसलेली असतात. त्यांची मान खाली आहे, एवढ्यावर आपण होकार लिहून मोकळे होतो.

पत्त्यांच्या त्या खेळातही गप्प बसण्याचा अर्थ होकार असाच धरतात. पण तिथे आधी समोरच्याकडे बघून थांबावं लागतं. थांबलेल्या पानाचं काही बिघडत नाही. बोलणी पक्की करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यात गप्प माणसाकडे एकदा वळून पाहावं आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबावं. मग दिलेला शब्द मागे घ्यायची वेळ सहसा येत नाही.