हायब्रेट

मृग लागला की जालन्याच्या मोंढ्यातली बियाण्याची दुकानं जत्रेसारखी भरतात. मागच्या जूनमध्ये अशाच एका दुकानात मक्याच्या पिशवीसाठी मी ताटकळत उभा होतो. पुढं टोपीवाले एक बाबा होते. दुकानदारानं विचारलं, "कोणतं देऊ?" बाबा म्हणाले, "दे कोणतंबी हायब्रेट. खायचं तं डुकरालाच हाये."

भोकरदन-जाफराबादकडं मका पेरणाऱ्याला हे दुःख सांगावं लागत नाही. कणसं भरायला लागली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत एकराचा चुथडा करून जातो. म्हणून दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. पण माझ्या हसण्याचं कारण वेगळं होतं. इंग्रजीच्या मास्तरकीत वर्षं घालवल्यामुळं मला एक निरुपयोगी गोष्ट माहीत होती. बाबांनी एका दमात शब्दही उच्चारला होता आणि त्याचा बापही.

'हायब्रीड' हा मूळचा लॅटिन शब्द, 'हिब्रिडा'. अर्थ काय, तर पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्यापासून झालेलं पिल्लू. बस, एवढाच. रोमन लोकांनी मग तो माणसांना लावला. बाप रोमन आणि आई परकी, किंवा एक स्वतंत्र आणि दुसरं गुलाम, अशांच्या लेकराला ते 'हिब्रिडा' म्हणायचे. म्हणजे सरळ सरळ शिवीच. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला खरा, पण एकोणिसाव्या शतकापर्यंत तो क्वचितच कुणी वापरला. पुढं वनस्पतिशास्त्रानं त्याला आंघोळ घातली, स्वच्छ कपडे चढवले, आणि तो प्रयोगशाळेत जाऊन बसला.

तिथून तो जालन्याला आला. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली. त्याआधी ते दिल्लीहून आणलेल्या पुसा सावनी भेंडीचं बी तयार करत होते. पुढं १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कंपनीच्या लांबलचक नावाची मोडतोड होऊन 'महिको' झालं. त्यातला 'हि' म्हणजे हायब्रीडमधला 'हाय'. आमच्याकडं महिको सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात डुकराचं पिल्लू दडलंय हे कुणाच्या गावी नाही, आणि असायचं कारणही नाही.

त्याच १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी देशात आली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि त्यांनी संकरित बियाण्याचा ध्यासच घेतला होता. गावोगाव ती ज्वारी पोचली. 'संकरित' हा शब्द मात्र सरकारी कागदातच राहिला. लोकांनी इंग्रजीच उचलला आणि त्याला आपल्या जिभेवर घासूनपुसून घेतला. हायब्रेट. माझी आजी ज्वारी हा शब्दसुद्धा जोडायची नाही. "आज हायब्रेटची भाकर हाये," एवढंच. शाळूची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ. हायब्रेटची तासाभरात चामडं. काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडायचा. पण पोती भरायची, हे आजीही नाकारत नसे. पोटभर खाऊन नावं ठेवायचा हक्क तिनं शेवटपर्यंत बजावला.

आणि मग एक दिवस तिनं तो शब्द माणसांना लावला. माझ्या चुलतभावाला चार पावलं चालून दम लागला, तर म्हणाली, "हायब्रेट खाऊन हायब्रेटच झाली ही लेकरं." दिसायला टंच, आतून पोकळ. तिच्या लेखी याच्या उलट शब्द एकच, गावरान. तिला लॅटिन कुठलं यायला! पण दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये जी शिवी होती, ती प्रयोगशाळेतून चक्कर मारून आमच्या ओसरीवर पुन्हा शिवी होऊन बसली. 'संकर' तरी कुठं सोवळा आहे? गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला वर्णसंकराची धास्ती पडलेली असते. बियाण्याचं कौतुक करायला दोन्ही भाषांनी शब्द निवडला तो असा. मला यात भाषेची चूक दिसत नाही. माणसांची खोड दिसते.

हायब्रीड हा शब्द बाहेरून इथं आला. 'नारंगी' या शब्दाची गोष्ट उलटी, तो इथून गेला. आपला 'नारंग' फारसीतून अरबीत 'नारंज' झाला, स्पॅनिशमध्ये 'नारांखा'. पुढं फ्रेंचांच्या तोंडात आधीचं उपपद आणि शब्दाचा पहिला 'न' एकमेकांत मिसळले आणि 'न' गळून पडला. इंग्रजांना 'ऑरेंज' आयतंच मिळालं. 'न' इंग्रजांनीच खाल्ला असं वर्गात मी स्वतः कित्येक वर्षं शिकवलं, ते चूक होतं. आमच्या जालन्याचं फळ मोसंबी, आणि तिचं नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आलेलं. शास्त्राच्या हिशेबानं ती गोड संत्र्याच्या जातीतलीच. तरी इथल्या ज्यूस सेंटरच्या पाट्यांवर इंग्रजीत तिला गोड लिंबू लिहितात. आंबिया बहाराची मोसंबी ज्यानं झाडाखाली बसून सोलून खाल्लीय, त्यानं ही पाटी वाचून गप्प कसं बसावं?

नावांचा असाच एक धागा त्या बियाण्याच्या दुकानातही होता. तिथं फवारणीच्या पंपाशेजारी गमबूट टांगले होते. इंग्लंडात त्यांना वेलिंग्टन म्हणतात, ड्यूक ऑफ वेलिंग्टनवरून. तो ड्यूक होण्याआधी नुसता आर्थर वेलस्ली होता, तेव्हा २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्याच जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. हे मी दुकानदाराला सांगायला गेलो. तो म्हणाला, "सर, नऊ नंबर पाहिजे का दहा?"

तर पुन्हा हायब्रेटकडं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात 'हायब्रेट' असणं शक्य नव्हतं. तुमच्या गावात या शब्दाला आणखी काय काय अर्थ आहेत, ते घरात आजी आहे तोवर विचारून घ्या आणि कुठंतरी लिहून ठेवा. माझी आजी गेली तेव्हा माझ्या वहीत तिचं फक्त ते एक वाक्य होतं.